पहिली-दुसरीचा वर्ग: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरी घेते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. शाळेच्या फाटकात, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत पालक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. पद्धती माझ्या वर्गातल्या आहेत. कायदे आणि नियम मात्र राज्यात सगळीकडे तेच.

लेकरू पाच वाजता घरी येतं, दप्तर उघडावं तर वही कोरी. मग दिवसभर करता काय?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. वही भरली म्हणजे अभ्यास झाला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, कारण आपण तसेच शिकलो. पण पहिलीतल्या लेकराचं निम्म्याहून जास्त काम वहीत उतरतच नाही. ते फरशीवर खडूने होतं, पाटीवर होऊन पुसलं जातं, तोंडी होतं, काड्या-चिंचोक्यांनी होतं.

एक साधा मंगळवार सांगते. परिपाठ झाला की हजेरी. माझ्या टेबलावर खोक्यात नावांच्या पट्ट्या असतात. प्रत्येकाने आपली पट्टी शोधायची आणि भिंतीवरच्या कापडी कप्प्यात लावायची. जूनमध्ये पहिलीची लेकरं पट्टी रंगावरून ओळखतात, म्हणून जुलैत मी सगळ्या पट्ट्या एकाच रंगाच्या करते. मग नावाकडे नीट बघावं लागतं. 'समर्थ' आणि 'समीर' दोघंही 'स'वर झडप घालतात, भांडण होतं, आणि त्या भांडणात दोघांनाही पुढच्या अक्षराकडे बघायची सवय लागते. खोक्यात उरलेल्या पट्ट्या म्हणजे गैरहजर. दुसरीच्या मुलांनी त्यावरून हजर किती ते सांगायचं. वजाबाकी झाली, वहीत काही नाही.

पुढे गप्पा. रात्री पाऊस पडला असेल तर पावसाच्या. मुलं सांगतील त्यातली दोन वाक्यं मी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते: 'काल लई पाऊस आला. आमची शेळी भिजली.' ही वाक्यं वाचायला कुणाला आग्रह करावा लागत नाही, कारण शेळी त्यांचीच असते. मग 'पाऊस' कुठे आहे ते दाखवा, 'शेळी'तला 'ळ' आणखी कुणाच्या नावात आहे ते शोधा. त्यानंतर गणित, मग खिचडी. जेवणानंतर पहिलीचं लेकरू पेंगुळतं, तेव्हा मी मुद्दाम गोष्ट, चित्रं, मातीकाम किंवा मैदान ठेवते.

घरी 'आज काय लिहिलंस?' असं विचारलं तर 'काही नाही' हेच उत्तर येणार. 'आज गोष्टीत काय झालं?' असं विचारून बघा.

परिपाठात अर्धा तास जातो. तो वेळ अभ्यासाला द्यावा ना.

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना हे तुम्हाला रस्त्यावरून ऐकू येतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीतही आलं. पण परिपाठाचा खरा फायदा नंतरच्या भागात आहे: दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सामान्य ज्ञानाचे प्रश्न. हे सगळं मुलं सांगतात, आम्ही नाही. दुसरीतली मुलगी सगळ्या शाळेसमोर उभी राहून 'आज वार बुधवार' म्हणते तेव्हा तिचे पाय लटपटत असतात. चौथीपर्यंत तीच मुलगी झेंडावंदनाला सरपंचांसमोर भाषण करते. एवढ्या कानांसमोर बोलायची संधी तिला गावात दुसरीकडे कुठे मिळणार? सुविचार मात्र मीही कमी केले आहेत. अर्थ न कळता रोज एक वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहिण्यात फारसं काही नाही.

दिवाळी आली, तरी बाराखडी पाठ नाही. आम्ही तर महिन्याभरात म्हणायचो.

म्हणायचो, हे अगदी खरं. वाचत होतो का? 'क का कि की' चालीत म्हणणाऱ्या लेकराला मधलाच 'की' सुटा दाखवा. ते पुन्हा 'क'पासून गाणं सुरू करतं आणि बोट 'की'वर पोचेपर्यंत म्हणत जातं. पाठांतर आहे, ओळख नाही. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे ४०८ आकार होतात. त्यातही २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत आले, त्यामुळे आता ती चौदाखडी झाली आहे. बॅट आणि बॉल लिहायचे तर ते लागणारच. एवढं सगळं घोकून मग वाचायला लागायचं म्हटलं तर वर्ष त्यातच सरेल.

म्हणून आम्ही थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा घेतो आणि त्यातून होतील तेवढे शब्द लगेच वाचायला लावतो. पूर्वी शाळेत ग, म, भ, न या क्रमाने अक्षरं शिकवत, ती कल्पना चांगलीच होती: हाताला सारखं वळण लागतं आणि 'नग', 'मन', 'गगन' असे शब्दही पहिल्या आठवड्यात तयार होतात. अडचण एकच, 'गगन' कुठल्या लेकराच्या तोंडात असतं? 'आई', 'मामा', 'नळ', 'बस', 'काका' हे शब्द आधी आले की वाचण्यात जीव येतो. काना लवकर आणायचा, तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी. ऱ्हस्व-दीर्घाची घाई करायची नाही. जोडाक्षरं शेवटी, पण लेकराच्या नावातच जोडाक्षर असेल तर त्याला ते पहिल्याच महिन्यात येतं, आणि तिथे मी अडवत नाही.

लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठी केंद्राचा निपुण भारत कार्यक्रम आहे, त्यात पहिलीच्या शेवटी एवढीच अपेक्षा आहे: चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं छोटं वाक्य वाचता यावं. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून. तपासायचं असेल तर पुस्तकातला पाठ देऊ नका, तो ऐकून पाठ झालेला असतो. बिस्किटाच्या पुड्यावरचं किंवा एसटीच्या पाटीवरचं नाव वाचायला सांगा.

अक्षरं उलटी काढतोय. डोक्यात काही दोष तर नाही?

सहा-सात वर्षांपर्यंत हे भरपूर मुलांचं होतं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', आकड्यांत ६ आणि ९ यांची अदलाबदल नेहमीची. लाल शाईने गोल करून उपयोग नाही. मातीत किंवा हवेत मोठ्ठं अक्षर गिरवून घ्या. दुसरी संपता संपताही उलटंच येत असेल, किंवा फळा बघताना लेकरू डोळे बारीक करत असेल, तर मला सांगा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना डोळे नीट तपासायला सांगू.

त्रेपन्न सांगितलं की ३५ लिहितो. गणितात कच्चा आहे का?

नाही, कान पक्का आहे. 'त्रेपन्न' ऐकताना आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. त्याने ऐकलं त्या क्रमाने ३ लिहिला, मग ५. आपल्या भाषेत एककाचा आकडा आधी बोलतो आणि दशकाचा नंतर, लिहिताना मात्र उलट. भरीस भर म्हणून २९ ला 'एकोणतीस'. लेकराला तीस ऐकू येतात आणि ते ३१ लिहून मोकळं होतं. ३९, ४९, ५९ असंच करत ८९ पर्यंत 'एकोण' चालतं आणि ९९ ला अचानक नव्व्याण्णव.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१, २२ साठी 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर वाद झाला, वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. गणितातल्या एवढ्या जाणकार बाईंची टिंगल झाली, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. माझ्या वर्गात दोन्ही चालतं. 'पन्नास आणि तीन, त्रेपन्न' असं जोडीने म्हणायचं. थोड्या दिवसांनी पहिला भाग आपोआप गळतो. बाजारात त्रेपन्नच म्हणावं लागणार आहे, ते त्यांनाही कळतं.

तोंडी सांगण्याआधी हाताने व्हायला हवं. दहा काड्यांचा गठ्ठा, त्याला रबर. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या. 'गठ्ठे किती?' हे आधी विचारायचं, 'सुटे किती?' नंतर, आणि त्याच क्रमाने लिहायचं. वजाबाकीत सुट्या काड्या पुरल्या नाहीत की मूल स्वतःच विचारतं, 'मॅडम, रबर सोडू का?' हातचा घेणं म्हणतात ते हेच. ज्याने गठ्ठ्याचं रबर स्वतः सोडलंय त्याला हातचा समजावून सांगावा लागत नाही. घरी काड्या नसतील तर दहाच्या नोटा आणि एकची नाणी घ्या, गणित तेच.

गृहपाठ का देत नाही?

केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ नाही. मला ते मान्य आहे. दहा वेळा लिहून आणायला सांगितलेलं पान अनेकदा थोरल्या बहिणीच्या अक्षरात परत येतं. तोंडी काम मात्र मी देते: घरातल्या माणसांची नावं विचारून या, आजी लहानपणी काय खेळायची ते विचारून या, अंगणात किती प्रकारची पानं सापडतात ते बघून या. हे काम पालकांना गृहपाठ वाटत नाही, त्यामुळे बऱ्याचदा राहून जातं.

पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. आमच्या लेकराला निम्माच वेळ मिळत असणार.

शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. चार वर्ग, दोन माणसं. हिशेब उघड आहे. यात तोटा नाही असं मी म्हणणार नाही. मी दुसरीला नवीन काही सांगत असते तेव्हा पहिलीला स्वतःच्या हाताने करायचं काम द्यावं लागतं, आणि ते नीट निवडलं नाही तर दहाव्या मिनिटाला गोंधळ सुरू होतो.

पण एक गोष्ट वेगवेगळ्या खोल्यांत होत नाही. पहिलीतलं लेकरू दुसरीचा धडा कानावर घेत असतं. फळ्याकडे पाठ करून मणी ओवत बसलेली मुलगी मध्येच दुसरीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. आणि दुसरीतल्या कच्च्या मुलाला मी पहिलीच्या दोघांना वाचून दाखवायला बसवते. स्वतःच्या वर्गात तो तोंड उघडत नाही, इथे तो 'दादा' असतो. वाचून दाखवायचं म्हणून आधी दोनदा स्वतः वाचून घेतो.

वर्गातही 'मही वही हरपली' असंच बोलतो. शुद्ध कधी बोलणार?

बोलू द्या. पहिलीच्या लेकराला घरच्या बोलीत अडवलं तर ते शुद्ध बोलत नाही, गप्प बसतं. मी त्याला उत्तर देते, 'माझी वही हरवली म्हणतोस? कुठे ठेवली होतीस?' दोन्ही रूपं त्याच्या कानावर पडतात. पुस्तकाची भाषा गोष्टी ऐकून येते, आणि तिसरीपर्यंत कुठे काय बोलायचं ते मुलांना बरोबर कळतं. तांड्यावरून येणाऱ्या लेकरांची तर घरची भाषाच गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. त्यांच्यासाठी आमच्या भिंतीवर आईच्या चित्राखाली 'आई' आणि 'याडी' हे दोन्ही शब्द आहेत. बाकीच्या मुलांनीही तो शब्द उचलला.

पोरं खिचडी खायलाच येतात, नाही का?

येऊ द्या की. भुकेलं लेकरू अक्षराकडे बघत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, आणि जेवणातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. १९९५ मध्ये शाळेतल्या आहाराची ही योजना सुरू झाली तेव्हा ८० टक्के हजेरी असली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण आलं. वाढण्याआधी आम्ही शिक्षक स्वतः चव घेतो आणि तशी नोंद ठेवतो.

वर्गाच्या दृष्टीनेही तो रिकामा वेळ नाही. ताटं मोजणं पाळीने मुलांकडे असतं. हात धुवायची रांग, पंगतीत शेजारी कोण बसेल ते न निवडणं, लागेल तेवढंच मागून घेणं हे शिकवायला याहून चांगली वेळ मला सापडलेली नाही.

गोळ्या कसल्या देता?

गुलाबी गोळी लोहाची, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. जंताची गोळी वेगळी, ती ठरलेल्या दिवशी आमच्यासमोर चावून खायची. लेकरू त्या दिवशी आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर चिठ्ठी पाठवा.

परीक्षा नाही, नापास नाही. मग लेकराला येतंय की नाही हे कळणार कसं?

परीक्षा आहे, तिचं स्वरूप वेगळं आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालतं. पहिली-दुसरीत ७० गुण आकारिक, म्हणजे वर्षभराची निरीक्षणं, तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती. आणि ३० गुण सत्राच्या शेवटच्या संकलित चाचणीचे. पुढच्या वर्गांत संकलितचा वाटा वाढत जातो. प्रगतिपुस्तकात अ-१, ब-२ अशा श्रेणी असतात. पालक तेवढ्याच बघतात. त्याशेजारच्या वर्णनात्मक नोंदी वाचा. 'गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो, लिहिताना मात्रा गाळतो' असं लिहिलेलं असेल तर सुट्टीत काय करायचं ते त्यातच आहे. 'प्रगती समाधानकारक' एवढंच दिसलं तर शिक्षकाला थांबवून विचारायचा तुम्हाला हक्क आहे, मलासुद्धा.

पाचवी आणि आठवीला मात्र २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिल्यास पुन्हा एक संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं.

ऐकत नसेल तर दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही.

माझी आहे. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी, पालकांची परवानगी असली तरी.

शनिवारी दप्तर नको म्हणता. मग पाठवायचं कशाला?

शनिवार आनंददायी उपक्रमांचा: कवायत, खेळ, चित्रं, कागदकाम, परसबाग. थंडीत एका शनिवारी आम्ही आनंद बाजार भरवतो. मुलं घरून मेथीच्या जुड्या, बोरं, भेळ, चहा आणून विकतात. दुसरीतला एक दुकानदार सात रुपयांच्या भेळेला दहाची नोट घेऊन बोटांवर 'आठ, नऊ, दहा' म्हणत तीन रुपये परत देतो. वर्गात याच मुलाला १० - ७ विचारलं तर पाटीवर दहा रेघा ओढून सात पुसतो. पुढे मोजत जायची रीत त्याला बाजाराने दिली, सोमवारी मी ती सगळ्यांना फळ्यावर दाखवते. भाव मात्र आईवडिलांनी ठरवून देऊ नयेत. दहाला घेतलेलं पाचला विकून आलेलं लेकरू घरी येऊन जो हिशेब मांडतं तो अनमोल असतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचंय. लेकराचं काय?

जायच्या आधी आठवडाभर तरी सांगा, हे पहिलं. आजी-आजोबांकडे ठेवता आलं तर सगळ्यात बरं. नाही तर गावात किंवा जवळपास हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते आपण मिळून बघू. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. लेकरू कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं. कारखान्याजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचंच आहे; दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं कायदाच सांगतो.

पहिली-दुसरीचं लेकरू चार-पाच महिने फडावर राहिलं की वाचन पार विसरतं, ही खरी भीती आहे. म्हणून जाताना मी गोष्टींची दोन-तीन पातळ पुस्तकं आणि एक पाटी देते. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, संध्याकाळी कुणीतरी दहा मिनिटं जवळ घेऊन बसा, एवढंच मागणं. परत आल्यावर हजेरीच्या खोक्यात त्याची पट्टी जिथल्या तिथे असते.

पहिलीपासून हिंदी आहे का? आणि इंग्रजीचं काय?

पहिलीपासून हिंदीसंबंधीचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे दोन्ही शासन निर्णय मागे घेत असल्याचं सरकारने २९ जून २०२५ रोजी जाहीर केलं. इंग्रजी तर मराठी शाळांत २००० सालापासूनच पहिलीत आहे. आमच्याकडे ती गाणी, सूचना आणि वस्तूंच्या नावांनी सुरू होते.

'मग इंग्रजी शाळेतच टाकतो' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: तिथे शिकवलेलं लेकरू घरी कुणाला सांगणार? ज्याला मराठीत गोष्ट समजून वाचता येते त्याला दुसरी लिपी लवकर येते. ज्याला कुठल्याच भाषेत धड वाचता येत नाही त्याची पाचवीत फार ओढाताण होते, मग शाळेची बस कितीही पिवळीधमक असो.

आम्ही शाळेची पायरी चढलो नाही. घरी काय शिकवणार?

शिकवायचं नाही, बोलायचं. भाकरी करताना किती झाल्या, किती उरल्या ते विचारा. तालुक्याला जाताना दुकानांच्या पाट्या त्याला वाचायला लावा. तुम्हाला वाचता येत नसेल तर फारच उत्तम, त्याला खरोखर गरज म्हणून वाचावं लागेल. झोपताना पुस्तक समोर धरून 'मला वाचून दाखव' म्हणा आणि अडखळला तरी थांबून ऐका. मोबाईलवरचे व्हिडिओ लावून देणं सोपं पडतं हे कळतं मला, पण व्हिडिओ लेकराला उलट प्रश्न विचारत नाही.

वर्गात येऊन बसता येतं का?

जरूर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. सदस्य नसलात तरी या. वह्या तपासायला येण्यापेक्षा काही सांगायला आलात तर मुलांना जास्त आवडेल. एक गवंडी बाबा टेप घेऊन आले होते, त्यांनी मुलांकडून वर्गाच्या खोलीची लांबी-रुंदी मोजून घेतली. जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल तर तिला दुपारी जेवणानंतर पाठवा.

शाळेसाठी काही द्यायचं असेल तर काय द्यावं?

वाढदिवसाला केक नको, गोष्टीचं एक पुस्तक द्या. बाकी लागतं ते फुकटचंच: चिंचोके, बाटल्यांची झाकणं, मोठ्या आकड्यांची जुनी कॅलेंडरं, शर्टाच्या खोक्यातले पुठ्ठे आणि लग्नपत्रिका. पत्रिकांवर गावातल्याच माणसांची नावं ठळक छापलेली असतात, दुसरीची मुलं ती हौसेने वाचतात, आणि मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून नावं लिहिता येतात. व्हरांड्यात खिडकीखाली खोकं ठेवलंय, त्यात टाका. फक्त पत्रिकेला लावलेल्या अक्षता आणि टाचण्या तेवढ्या काढून द्या.